बोथट जात्याची झोप

सन एकोणीसशे त्रेसष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. वय पक्कं सांगतो, कारण ते माझ्या मायने सांगितलेलं आहे आणि माय असल्या बाबतीत कधी चुकली नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत. मास्तरने विनाकारण छडी मारली, मी पाटी तिथेच ठेवली, घरी आलो आणि पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. तरी लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, पण जे लिहितो ते माझं आहे.

त्या साली मी खामगावला जिनात कामाला होतो. आमचं गाव तिथून दोन कोस. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आणि जिनाचे रेचे होळीपर्यंत दिवसरात्र चालायचे. रेचा म्हणजे सरकी वेगळी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. माझ्याकडे तेलाचं काम होतं. रेच्यांच्या ओळीखाली एक लांब नाली होती, माणूस वाकून चालेल एवढी. तिच्यातून एक लोखंडी दांडा फिरायचा आणि त्या दांड्यावरून वर रेच्यांना पट्टे गेलेले. चोचीचा चंबू घेऊन मी त्या नालीत हिंडायचो आणि जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे तेल सोडायचो. हे काम मला फुकट मिळालेलं नव्हतं. आधी मी कापसाचे बोझे वाहिले, मग रुईच्या दाबलेल्या गठाणी ढकलल्या, आणि किती तरी हंगामांनी मिस्त्रीने चंबू माझ्या हातात दिला. गावात मला तेव्हापासून तेलवाला म्हणत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

पाळी माझी रात्रीची. पहाटेचा भोंगा झाला की सायकल काढायची आणि गावाकडे निघायचं. नाकात रुई, भुवयांवर रुई, कानात रेच्यांचा गजर. सायकलवर असतानाही तो गजर कानात चालूच राहायचा. रस्त्याने कोणी रामराम घातला तर त्याचे ओठ हललेले दिसत, ऐकू काही यायचं नाही. घरी पोचायचो तेव्हा अंगात इतका शीण असायचा की सायकल भिंतीला टेकवायचीसुद्धा जीवावर यायची. पण शीण वेगळा आणि झोप वेगळी. हे ज्याने रात्रपाळी केली त्यालाच कळतं. अंग दगड झालेलं असतं आणि डोळे मात्र टक्क उघडे. बाहेर ऊन चढतं, कोंबडे ओरडतात, लोक बैल सोडतात, आणि आपण अंधार करून पडायचं. शरीर म्हणतं, हा काय झोपायचा टाइम आहे का?

मला झोप यायची ती जात्याने.

मी घरात शिरायचो तेव्हा माझी बायको दळत बसलेली असायची. एक पाय लांब, एक मुडपलेला, डाव्या हाताने ज्वारीची मूठ जात्याच्या तोंडात टाकायची आणि उजव्या हाताने खुंटा फिरवायची. ती ओव्या वगैरे काही म्हणत नसे. तिला गळा नव्हता आणि तसं ती स्वतःच सांगायची. नुसतं जातं. घर्रर, घर्रर. दगड फिरत फिरत एका जागी यायचा, तिथे जरासा अडायचा, तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि पुन्हा घर्रर. मी पलीकडच्या खोलीत घोंगडीवर पडायचो. तो आवाज जमिनीतून यायचा, पाठीतून यायचा. कानातला रेच्यांचा गजर त्याच्याखाली हळूहळू दबायचा, जशी धूळ पाण्याने बसते तशी. मूठभर, दोन मुठी, तीन मुठी. चौथी मला कधी ऐकू आली असेल असं वाटत नाही.

माय सांगायची की मी तान्हा होतो तेव्हापासून असाच. ती दळायला बसली की तिच्या लांब केलेल्या पायावर डोकं ठेवून मी झोपायचो आणि उठायचो तेव्हा पापण्यांवर पीठ असायचं. सगळ्यांचीच लेकरं तशी झोपत. मोठी झाल्यावर विसरतात. मी विसरलो नाही, एवढंच.

आता माझी नातसून रात्री मोबाइलवर पावसाचा आवाज लावून झोपते. घरातले तिला हसतात. मी हसत नाही. मी कोणत्या तोंडाने हसू?

तर त्या साली, संक्रांतीच्या सुमारास, आमच्या गावात पिठाची गिरणी आली. तोवर गिरणी म्हणजे खामगावला किंवा बाजाराच्या मोठ्या गावाला. आता गावातच, मारुतीच्या मागे, पत्र्याची खोली आणि तिच्यात तेलावर चालणारं इंजिन. नारळ फुटला, गूळ वाटला. बायांनी तर दसऱ्यासारखं केलं. डोक्यावर टोपलं, टोपल्यात ज्वारी, आणि घोळक्याने गिरणीवर. ज्या घरी पहाटे पहाटे जातं सुरू व्हायचं, त्या सगळ्या घरी एका आठवड्यात सामसूम झाली. माझी बायकोही गेली. मी अडवलं नाही. का अडवावं? जग जातं तिथे ती गेली.

पण पहिल्याच दिवशी पाळीवरून आलो आणि घर गप्प. चूल पेटलेली, भाकर टोपल्यात, जात्यावर पोतं झाकलेलं. मी घोंगडीवर पडलो. कानातले रेचे चालूच. ते दबायला खाली काही नव्हतंच. मी आढ्याकडे पाहत राहिलो. आढ्याच्या लाकडाला एक गाठ होती, ती मला त्या दिवसांत इतकी पाठ झाली की आजही डोळे मिटले तर दिसते.

दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. दुपारी जरा डोळा लागायचा, तोवर माय खोकायची, नाहीतर कोणी तरी दारात येऊन विचारायचं, तेलवाले आहेत का घरी. संध्याकाळी पुन्हा सायकल.

लोक म्हणतील, आवाजच पाहिजे होता तर गिरणीचा आवाज होताच. तेही करून पाहिलं. मी हट्टी माणूस आहे पण मूर्ख नाही. गिरणीमागे निंबाचं झाड होतं. गिरणीवाला ओळखीचा. एका सकाळी त्याची बाज मागून घेतली आणि निंबाखाली पडलो. इंजिन टुक टुक करत होतं, पट्टा फटफटत होता. मला वाटलं, हे घर्ररपेक्षा मोठं आहे, कानातलं सगळं दाबून टाकेल. पण पट्टा जरा जोरात फटकला की मी दचकून उठून बसायचो आणि हात चंबू शोधायचा. एकदा तर म्हणे मी झोपेतच ओरडलो, "तेल संपलं, थांबवा!" गिरणीवर बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गिरणीवाला बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊ, आमच्या इंजिनात तेल हाय. तुमी निवांत झोपा." मी बाज त्याच्या दारात उभी केली आणि घरी गेलो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या कामाचा आवाज मला झोप देणार नाही. तो ऐकला की अंग कामाला उभं राहतं. झोप येते ती दुसरं कोणी तरी आपल्यासाठी काम करत असल्याच्या आवाजाने. पण हे मला नीट शब्दांत आज सांगता येतं. तेव्हा फक्त डोकं दुखायचं.

आणि झोपेचं असं आहे की ती घरी येत नाही म्हणून कुठेच येत नाही असं नाही. जिथे येऊ नये तिथे बरोबर येते. रेच्यांच्या खालच्या नालीत, दांड्याच्या हातभर अंतरावर, मला डुलकी लागायला लागली. एका रात्री मी खांबाला पाठ लावून वाकलो होतो, चंबू हातात होता. डोक्याचा दुपट्टा कधी सुटला कळलं नाही. पट्ट्याने त्याचं टोक धरलं. गळ्याला हिसका बसला तेव्हा जाग आली. दैव बरं की दुपट्टा जुना होता, चर्रकन फाटला. अर्धा पट्ट्याबरोबर वर गेला, अर्धा माझ्या गळ्यात राहिला. नवा असता तर आज लिहायला मी नसतो.

वर मिस्त्रीने फडकं फिरताना पाहिलं आणि तो खाली उतरला. मिस्त्री मोठा कडक माणूस, पण मनाने काळा नव्हता. मला बखोटीला धरून त्याने नालीतून बाहेर आणलं, कंदिलाखाली उभं केलं आणि माझे डोळे पाहिले.

"दिवसा काय करतो बे? झोपत नाई का?"

"झोपतो ना मिस्त्री."

"हे डोळे झोपलेल्या मानसाचे हायेत का? टमाट्यावानी लाल झाले. वावरात जातो का दिवसा?"

"नाई."

"दारू?"

"मायची शपथ, नाई."

"मंग काऊन?"

काय सांगणार होतो? जिनात दीडशे रेच्यांचा आवाज सोसणारा माणूस, आणि त्याला सांगायचं की मिस्त्री, आमच्या घरचं जातं बंद पडलं म्हणून मला झोप येत नाही? उद्या सगळ्या जिनाने मला अंगाई म्हणून दाखवली असती. मी म्हटलं, "काई नाई. पुन्हा होनार नाई."

"पुन्हा झालं तं तू नसशीन," मिस्त्री म्हणाला. "येत्या बाजारापर्यंत पाहतो. तुही झोप होऊन राह्यली असं दिसलं तं चंबू तुहा. नाई तं बोझ्यावर जाजो. तिथं पेंगला तं नुसता पडशीन, कटशीन तं नाई."

बोझ्यावर. ज्या कामातून वर यायला माझी उमेदीची वर्षं गेली त्या कामावर परत. आणि चंबू कोणा तरी दुसऱ्याच्या हातात. मला त्या रात्री मरणाची भीती वाटली नाही तेवढी त्या गोष्टीची वाटली. आजही विचाराल तर तेच सांगेन.

सकाळी घरी आलो आणि सायकल टेकवण्याआधीच बायकोला म्हटलं, "उद्यापासून दळन घरी. गिरनीचं पीठ या घरात येनार नाई."

ती चुलीपुढे होती. भाकरीवरचा हात तिने काढला नाही. "काऊन?"

"गरम असते. पोटात जळजळ होते."

"सासूबाईले नाई होत. मले नाई होत."

"मले होते."

"इतके दिवस खाल्लं, तवा नाई सांगतलं."

"आता सांगून राह्यलो ना!"

माय कोपऱ्यात वाती वळत होती. तिला दिसायचं कमी, पण कान शाबूत. ती म्हणाली, "पिठाले कशाले नाव ठेवतो रे? तुह्या बापाने कवा भाकरीले नाव ठेवलं नाई."

मी म्हटलं, "माय, तू मधात बोलू नको." आणि जाऊन पडलो. झोप आली नाही हे सांगायला नकोच.

आता मला वाटलं, बायको नाराज आहे तर तिला जरा बरं वाटेल असं काही करावं. त्याच दुपारी गल्लीतून आरोळी आली, "जात्याले टाकीऽऽ, पाट्याले टाकीऽऽ!" टाकीवाली बाई होती. छिन्नी-हातोडीने जात्याच्या दगडाला खाचा पाडून देते, म्हणजे जातं धारदार होतं आणि पीठ लवकर पडतं. बायको पाण्याला गेली होती. मी बाईला बोलावलं, पोतं काढलं, वरचा दगड उचलून दिला. टाकीवालीने खालच्या दगडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय हो दादा, हे जातं हाय का परात? एवढं गुळगुळीत! कोन दळते याच्यावर?"

"बायको."

"माह्या बहिनीचे खांदे पाहून घेजा एकदा," ती म्हणाली आणि ठोकायला बसली.

मला ते बोलणं रुचलं नाही, पण काम चांगलं केलं. दोन्ही दगडांवर सरळ रेघा उठल्या, नव्या नांगरटीसारख्या. मी खूश झालो. म्हटलं, आता हिला तक्रारीला जागा नाही.

बायको पाण्याचा हंडा घेऊन आली, जात्याकडे पाहिलं, हंडा उतरवला आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "लग्न होऊन आली तवापासून सांगून राह्यली, टाकी लावून द्या, टाकी लावून द्या. एका भाकरीच्या पिठाले दोन भाकरीचे फेरे घ्या लागत होते. तवा तुमच्या कानावर गेलं नाई. आता गिरनी आली, माह्या हाताले आराम पडला, आन् तुमी टाकी लावली!"

मी म्हटलं, "आता लावली ना? मंग झालं."

"हाव, झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ती दळायला बसली. भांडून बसली, पण बसली. मी घोंगडीवर पडलो, डोळे मिटले, आणि वाट पाहिली. आणि जे आलं ते घर्रर नव्हतंच. खर्रखर्र, करकर. दगडावर दगड दात खात होता. मधे अडायची ती जागा गेली, बांगड्यांचा ताल गेला. जसा कोणी पत्र्यावर नखं ओढतो तसा आवाज माझ्या दाढांत जाऊन बसला. मी कूस बदलली, घोंगडी डोक्यावर घेतली. तेव्हा मला कळलं की मला जो आवाज झोपवत होता तो बोथट दगडाचा होता. म्हणजे तिला जितके फेरे जास्त, तितकी माझी झोप गोड. आणि तो दगड मीच टाकी लावून मोडून बसलो होतो.

हे कळूनही मी पडूनच राहिलो. उठून काय झालं असतं? दगडाला धार लावता येते, धार परत काढता येत नाही. ती वापरूनच जाते.

भाकरही तशीच झाली. नवी टाकी लावलेल्या जात्यात आधी कोंडा-कणी दळून टाकून देतात, म्हणजे कच निघून जाते. हे बायांना माहीत असतं. बायकोलाही माहीत होतं. पण मी म्हटलं होतं ना, गिरणीचं पीठ या घरात येणार नाही, मग तिने याच पिठाची भाकर थापली. पहिल्या घासाला दाताखाली कर्र झालं. मायने घास तळहातावर काढला, चाचपला आणि म्हणाली, "काय वं बाई, ज्वारी दळली का गोटे दळले?"

"तुमच्या लेकाले इचारा. त्याले गिरनीचं गरम लागते. हे थंड हाय."

मी अख्खी भाकर खाल्ली. वरून आणखी अर्धी मागितली. दात माझे तेव्हा चांगले होते म्हणून बरं.

मग मी पडलो, आणि खोलीच्या कुडाच्या भिंतीपलीकडे त्या दोघींचं बोलणं सुरू झालं. त्यांना वाटलं मी झोपलो. झोपलेला असतो तर भांडणच नव्हतं.

बायको म्हणाली, "सासूबाई, यायले झालं काय? आधी असे नव्हते."

माय म्हणाली, "पोरी, तुले खरंच नाई समजलं? त्याले पिठाचं काई पडलं नाई. गोटे बी खाईन तो, आता खाल्ले ना? त्याले घरघर पाह्यजे. लहानपनी मी जातं थांबवलं की रडे. बाप म्हने, हे पोट्टं दळनाऱ्या घरी जन्मलं. झोप नाई त्याले. दिवसभर कूस बदलते, मले आयकू येते."

"मंग सांगाले काय होते?"

"मानूस हाय तो. त्यातून माहा लेक. सांगीन का?"

बायको म्हणाली, "जिनात कामाले जाते ते पडोसीन म्हने, यायचा दुपट्टा पट्ट्यात गेला होता. मले म्हनाले, खिळ्याले अडकून फाटला."

मायने वातींचं तबक खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी तिकडे पाठ करून पडून राहिलो. राग यायला पाहिजे होता, चोरून ऐकलं म्हणून तरी लाज यायला पाहिजे होती. काहीच आलं नाही. इतका थकलो होतो की राग धरायलाही अंगात जोर नव्हता. बाजाराला दोन दिवस उरले होते.

त्या रात्री पाळी कशीबशी काढली. जीभ चावून चावून जागा राहिलो. सकाळी घरी आलो तर जातं पुन्हा पोत्याखाली. हातपाय धुतले, दोन घास खाल्ले आणि पडलो.

थोड्या वेळाने ती सूप आणि ज्वारीचं टोपलं घेऊन आली आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत बसली. ज्वारी गिरणीवर न्यायची झाली तरी आधी घरी पाखडावीच लागते. गिरणी खडे काढत नाही. हे काम ती रोज दुपारी अंगणात करायची.

मी म्हटलं, "इथं काऊन?"

"इथं उजेड चांगला हाय," ती म्हणाली.

त्या खोलीला खिडकी नव्हती. दारही तिने अर्धं लोटून घेतलं होतं.

मी भिंतीकडे तोंड केलं. सूप सुरू झालं. सप्, सप्, आणि मग एक हलकी थाप. ज्वारी वर उडून खाली पडताना जो आवाज होतो तो कसा लिहू? जणू कोणी मोठी चादर झटकतंय, पण लांबून. सप्, सप्, थाप. मधे ती थांबायची, खडा वेचायची, तो जमिनीवर टिक् करून पडायचा. बांगड्या सरकायच्या. कोंडा उडून माझ्या मानेवर येत होता, मी झटकला नाही. कानातले रेचे चालूच होते, पण मी त्यांच्याकडे लक्ष देण्याऐवजी पुढचा खडा कधी पडतो याची वाट पाहायला लागलो. मग वाटही लांब व्हायला लागली.

तेवढ्यात आवाज थांबला. टोपलं संपलं असावं. ती उठताना तिच्या गुडघ्याचा आवाज आला. माझे डोळे खाडकन उघडले. पाठ तिच्याकडेच होती.

मी म्हटलं, "बस."

"झालं ना पाखडून."

"पुन्हा पाखड."

ती उभीच राहिली. मला वाटलं आता ही म्हणेल, काऊन? आणि मग मला सांगावं लागेल. मी भिंतीला म्हटलं, बायकोला नाही, "मले झोप येत नाई. किती तरी दिवस झाले."

बायकोने "आधी काऊन नाई सांगतलं" असं विचारलं नाही. ती खाली बसली, पाखडलेली ज्वारी पुन्हा सुपात ओतली आणि म्हणाली, "डोळे मिटा. तोंडाने बोलू नका, बोलल्यानं झोप उडते."

सप्, सप्, थाप.

पुढचं मला माहीत नाही. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि मायने माझ्या पायावर घोंगडी टाकलेली होती. किती दिवसांनी अंग हलकं वाटलं. डोकं मात्र जड होतं, जसं लांबच्या गावाहून आल्यावर असतं. बायको अंगणात गोवऱ्या लावत होती. मी जाऊन सायकलला हवा भरली. ती म्हणाली, "चहा घ्या." मी घेतला. एवढंच बोलणं झालं.

जिनात मिस्त्री दारातच उभा होता. त्याने कंदील उचलून माझं तोंड पाहिलं, आधी एक डोळा, मग दुसरा, बाजारात बैल पाहावा तसा.

"हं," तो म्हणाला. "झोपला दिसते. काय इलाज केला बे?"

"केला एक."

"दवाखाना?"

"घरचाच."

त्याने चंबू माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दुपट्टा घट्ट बांधजो." मी नालीत उतरलो. त्या रात्री मी एकदाही खांबाला पाठ टेकवली नाही.

सकाळी घरी आलो तेव्हा गिरणीवर नेण्यासाठी स्वच्छ पाखडलेल्या ज्वारीचा डबा दारात भरून ठेवलेला होता. बायको डोक्यावर चुंबळ बांधत होती. मी सायकल टेकवली नाही. डबा उचलला, मागच्या कॅरिअरवर ठेवला, दोरीने करकचून बांधला. ती म्हणाली, "अहो, काय करून राह्यले? लोक हसतीन. गिरनीवर कोन मानूस जाते?" मी म्हटलं, "मी जातो. तू दुसरं टोपलं पाखडायले काढून ठेव, मी आलोच."

गिरणीवर बायांची रांग होती. मला डबा घेऊन येताना पाहून एकीने दुसरीला कोपर मारलं. गल्लीतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "काय हो तेलवाले, गिरनीचं पीठ गरम नाई राह्यलं का आता?"

मी म्हटलं, "गरमच हाय मावशी. म्हनून मी आलो. बायकोचे हात भाजतीन."

आणि शेवटच्या टोपल्यामागे डबा ठेवून रांगेत उभा राहिलो.